क्योटोची पानं दोन दिवसांत बघायचीत? मग या चुका टाळा

आई-बाबा पुण्याहून आले होते. शरदात लाल होणारी मेपलची पानं बघायला टोकियोहून शनिवार-रविवार क्योटो करू, म्हणून आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी निघालो. सकाळी साडेनऊला क्योटो स्टेशनासमोरच्या थांब्यावर किंकाकुजी या सोनेरी मंदिराच्या बससाठी उभे राहिलो. पहिली भरून गेली. दुसरीही गेली. तिसरीत आई कशीबशी चढली, पण मागे वळून बघते तर आम्ही दोघं खालीच, म्हणून बिचारी उतरली. "आपल्याकडे निदान दारात लटकता तरी येतं," असं म्हणाली. शनिवारचा दीड तास असा त्या थांब्यावरच संपला.

चूक बसची नव्हती, माझी होती. नकाशावर सगळं हाताच्या अंतरावर दिसतं, म्हणून मी किंकाकुजी, कियोमिझु, अराशियामा आणि फुशिमी इनारी अशी प्रसिद्ध ठिकाणांची यादी एका दमात लिहून काढली होती.

शहर यादीने बघू नका, कडेने बघा

क्योटो तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं आहे आणि मेपलची नावाजलेली ठिकाणं बहुतेक या डोंगरांच्या पायथ्याशी आहेत. पूर्वेला हिगाशियामा, पश्चिमेला अराशियामा, वायव्येला किंकाकुजी. एका कडेहून दुसरीकडे जायचं तर अख्खं शहर ओलांडावं लागतं, तेही गर्दीच्या वेळी. शिवाय नोव्हेंबरच्या शेवटी पावणेपाचला सूर्य मावळतो आणि बरीच मंदिरं साडेचार-पाचला बंद होतात. म्हणजे हातात दिवस असतो तो जेमतेम आठ तासांचा. अर्ध्या दिवसाला एकच कड धरा.

शहराच्या आत हिंडताना बस हा शेवटचा पर्याय ठेवा. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तोफुकुजी मंदिराचं स्टेशन हे क्योटो स्टेशनहून जेआर (जपान रेल्वे) नारा लाइनवरचं पहिलंच, पुढचं इनारी, म्हणजे फुशिमी इनारीचं. सागा-अराशियामाला जेआरनेच पंधरा-वीस मिनिटांत पोचता येतं. किंकाकुजीलाच जायचं असेल तर मेट्रोने किताओजीपर्यंत जा आणि तिथून 204 किंवा 205 नंबरची बस घ्या. स्टेशनासमोरच्या रांगेपेक्षा हे खूप सुसह्य. बसमध्ये मागून चढायचं, पुढून उतरायचं, आणि 230 येन उतरताना द्यायचे. जुन्या लेखांत ज्याची शिफारस असते तो बसचा एकदिवसीय पास आता बंद झालाय. आता मेट्रो आणि बस मिळून 1,100 येनचा पास मिळतो.

पुन्हा जायचं झालं तर मी टोकियोहून सकाळची पहिली नोझोमी बुलेट ट्रेन धरीन. सव्वादोन तासांत क्योटो, आणि गर्दी जमायच्या आत तोफुकुजी. तिथला त्सुतेनक्यो हा छप्पर असलेला लाकडी पूल एका घळीवर आहे आणि खाली नुसता लाल-केशरी पानांचा समुद्र. ऐन हंगामात पुलावर फोटो काढायला मनाई असते. तिथे हुज्जत घालू नका, खालच्या बागेत उतरा. तिथून पूलही फोटोत येतो. मग तिथूनच केइहान लाइनने सानजो, पुढे तोझाई मेट्रोने केआगे. केआगेहून नानझेनजी आणि एइकानदो ही दोन्ही मंदिरं पायी होतात.

दिवसाच्या तिकिटावर रात्र बघता येत नाही

एइकानदोला संध्याकाळी दिवे लावून पानं दाखवतात. आम्ही साडेतीनला आत गेलो, म्हटलं अंधार पडेपर्यंत तळ्याकाठी बसू. पण दिवसाच्या लोकांना बाहेर काढतात आणि रात्रीसाठी वेगळं तिकीट, वेगळी रांग. एकच वेळ निवडायची असेल तर मी दिवसच निवडीन, कारण इथली मागे वळून बघणारी अमिदा बुद्धाची मूर्ती निवांतपणे बघायची चीज आहे. उंची जेमतेम पाऊण मीटर, आणि मान डावीकडे मागे वळलेली. आख्यायिका अशी की 1082 साली योकान नावाचे भिक्षू मूर्तीभोवती जप करत फिरत होते. अमिदा स्वतःच खाली उतरून पुढे चालू लागले, योकान थबकले, तेव्हा अमिदांनी मागे वळून म्हटलं, "योकान, मागे पडलास." हे मी सांगत होतो तेव्हा बाबा नेहमीप्रमाणे वीस पावलं मागे बुटांच्या नाड्या सोडत बसले होते. आईने अगदी तशीच मान वळवली.

नाड्यांवरून आठवलं. इथे दिवसातून दहा वेळा बूट काढावे लागतात आणि मंदिरातली लाकडी फरशी बर्फासारखी गार असते. पटकन निघणारे बूट आणि जाड मोजे हवेत. मोजे आदल्या रात्री तपासून घ्या. बाबांचा अंगठा एइकानदोच्या सगळ्या दालनांतून बाहेर डोकावत फिरला.

"शाकाहारी आहे ना?" एवढं विचारून भागत नाही

उदोन नूडल्सच्या वाटीत मांसाचा तुकडा दिसत नाही, पण रस्सा बहुधा दाशी या जपानी अर्काचा असतो आणि दाशीत कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या माशाचे तलम काप. मिसो सूपचंही तेच. म्हणून "दाशीत कात्सुओ आहे का?" असं नेमकं विचारा. नानझेनजीजवळची युदोफू, म्हणजे गरम पाण्यातला टोफू, निर्धोक वाटते, पण सोबतच्या सॉसची चौकशी करा. आईचं खरं पोट भरलं ते अराशियामाला तेनर्‍युजीच्या आवारातल्या शिगेत्सु या उपाहारगृहात. तिथे शोजिन र्‍योरी मिळते, म्हणजे भिक्षूंचं जेवण. परंपरेने त्यात कांदा-लसूणही नसतो, चातुर्मास पाळणाऱ्यांनाही चालावं असं.

पानं हिरवीच निघाली तर?

मध्य शहरात रंग साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून चढतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत टिकतो. लवकर पोचलात तर डोंगरातल्या ताकाओकडे किंवा कुरामाकडे जा, तिथे आधी रंगतं. उशीर झाला तर शिमोगामो मंदिराची तादासु नो मोरी ही राई बघा, ती सगळ्यांत मागून पालटते. आणि पाऊस लागला म्हणून हॉटेलात बसू नका. ओल्या शेवाळावर गळलेल्या पानांसाठी जपानीत वेगळा शब्दच आहे, चिरिमोमिजी, आणि ती बघायलाही लोक मुद्दाम येतात.

23 नोव्हेंबरच्या सुट्टीला जोडून येणारा शनिवार-रविवार मात्र शक्यतो टाळाच. टाळता आला नाही तर रविवारी सकाळी सहाला कियोमिझु मंदिर गाठा. त्या वेळी उघडणारी मोठी मंदिरं फार नाहीत.

आता किरकोळ. गिओन या गेइशांच्या भागातल्या काही खासगी गल्ल्यांत 2024 पासून पर्यटकांना बंदी आहे आणि पाटीवर 10,000 येन दंड लिहिलेला असतो. माइकोच्या, म्हणजे शिकाऊ गेइशाच्या, मागे फोन घेऊन धावू नका. भारतातून येणाऱ्यांनी निव्वळ या फेरीसाठी सात दिवसांचा जपान रेल पास घेऊ नये: तो 50,000 येनचा आहे आणि टोकियो-क्योटो जाऊन-येऊन भाडं 28,000च्या आसपास. लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर शिंकान्सेनमध्ये (बुलेट ट्रेनमध्ये) त्यासाठीची सीट आधी राखावी लागते, नाहीतर 1,000 येन भरा. स्टेशनवरचे लॉकर सकाळीच भरतात, त्यामुळे बॅग थेट हॉटेलच्या काउंटरवर टाका.

रविवार संध्याकाळची परतीची सीट जाण्याआधीच राखा, पण खिडकीसाठी हट्ट नको, तोवर बाहेर अंधार असतो. फुजी दिसायचा तो शनिवारी सकाळी जाताना, उजव्या खिडकीजवळच्या ई सीटवरून, आणि तोही आभाळ निवळलेलं असेल तर.