सातवा महिना, तिसरा मजला आणि "आई कडेवर घे" : माझा अनुभव

लेक सव्वादोन वर्षांची, वजन १२ किलो, मला सातवा चालू आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. रोज संध्याकाळी खाली खेळून आलो की पहिल्याच पायरीवर फतकल मारायची, कडेवर घे म्हणून रडून रडून लाल. कंबर गेली माझी.

चॉकलेट दाखवून दोनच दिवस चाललं. "पोटात बाळ आहे ना" हे तर मुळीच सांगू नका, ती बाळावरच चिडायला लागली.

शेवटी जमलं ते असं, आधी जिन्याखाली मीच पायरीवर बसायचं, तिला शेजारी घेऊन घट्ट मिठी, एक ते वीस मोजेपर्यंत सोडायचं नाही. मग घराची चावी तिच्या हातात, "दार तू उघडायचंस". ती भिंतीकडून, माझा एक हात तिला एक कठड्याला. प्रत्येक वळणावर परत बसून मिठी, वीसपर्यंत. मधे रडली तर तिथंच बसायचं पण उचलायचं नाही, एकदा जरी उचललं तरी दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून, आमचं तसंच झालं. वर गेल्यावर कुलपात चावी तिलाच घालू द्यायची, कितीही वेळ लागो.

पाचव्या दिवशी स्वतःच चावी मागितली.