फॅन्टसी लीगसाठी नामांकित वाइड रिसीव्हर कसा पारखावा
सांगलीत मित्रमंडळींमध्ये, पैसे न लावता, एनएफएलची (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) फॅन्टसी लीग, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ बनवून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याचा खेळ, खेळणाऱ्यांनी वाइड रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) निवडताना टचडाउनच्या (चेंडू गोलरेषेपार नेऊन गुण मिळवण्याच्या) आधी टार्गेट्स, म्हणजे त्याच्याकडे किती पास फेकले गेले, हे पाहावे. कारण टचडाउनची संख्या बेभरवशाची असते, टार्गेट्स मात्र त्यामानाने टिकून राहतात. वाइड रिसीव्हर कूपर कपने २०२१ मध्ये १९१ टार्गेट्सवर १४५ झेल घेतले, पण पुढच्या हंगामात घोट्याच्या दुखापतीमुळे तो ९ सामन्यांनंतर बाहेर पडला. म्हणून वय, जुन्या दुखापती आणि (हे बहुतेक जण विसरतात) क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, बदलला आहे का, हेही तपासावे. सप्टेंबरमध्ये रविवारचे बरेच सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात. त्याआधी दीड तास जाहीर होणारी न खेळणाऱ्यांची यादी पाहूनच संघ पक्का करावा.