चुळबुळ्या मुलांना गोष्ट वाचून दाखवताना

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवायला बसलेल्या मोठ्या माणसाचे पहिले वाक्य बहुधा “आधी सगळे नीट मांडी घालून बसा पाहू” असे असते, आणि पुष्कळ वाचनांचा विचका तिथेच होतो. या वयात स्वस्थ बसणे हेच एक मोठे काम असते. ते करण्यात मूल गुंतले की ऐकायला त्याच्याजवळ फारसे काही उरत नाही. म्हणून स्थिर बसणे ही वाचनाची अट ठेवू नये. मुलाने लोळत, खिडकीला लटकत, गाडी फिरवत ऐकले तरी चालेल. दुसऱ्याच्या अंगावर पाय टाकू नये आणि मोठ्याने ओरडू नये, एवढे दोन नियम पुरेसे आहेत.

आमच्या सोसायटीच्या छोट्या वाचनालयात मी शनिवारी संध्याकाळी मुलांना पुस्तके वाचून दाखवते. तिथे येणारी एक चार वर्षांची मुलगी गोष्ट सुरू झाली की टेबलाखाली शिरत असे आणि मग तिचे फक्त तळपाय दिसत. एकदा दोन पाने एकमेकांना चिकटून एकदम उलटली गेली. समोर शहाण्यासारख्या बसलेल्या सात मुलांपैकी कोणी काही बोलले नाही, टेबलाखालून मात्र आवाज आला, “बकरी राहिली!” तेव्हापासून टेबलाखालची जागा मी तिच्यासाठी मोकळी ठेवू लागले.

आपल्याकडच्या बालशिक्षणात हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि मुले बालवाडीपर्यंत येत नसतील तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून पुढे अंगणवाडी उभी राहिली. घरातल्या वाचनालाही तोच न्याय लावता येतो. मूल ठोकळ्यांचा मनोरा रचत असेल तर त्याला उठवून पलंगावर आणण्याऐवजी आपण पुस्तक घेऊन मनोऱ्याशेजारी जाऊन बसावे आणि वाचायला लागावे.

वेळ निवडताना भूक आणि झोप या दोन गोष्टी सांभाळाव्यात. शाळेतून आल्या आल्या किंवा जेवणाच्या अगदी आधी वाचायला घेतले, तर चूक पुस्तकाची नसते. मैदानावर धावून, हातपाय धुऊन, काहीतरी खाऊन झाल्यानंतरची वेळ बहुतेक घरांत चांगली ठरते. सुरुवातीला पाच ते सात मिनिटे पुष्कळ झाली. जागेबाबत आणखी एक गोष्ट अनुभवानेच कळते: वाचणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी असेल तर समोरच्या मुलांना चित्रे काळवंडलेली दिसतात, आणि ज्याला चित्र दिसत नाही तो सगळ्यात आधी उठून पुढे येतो, मग मागचा त्याला ढकलतो. त्यामुळे खिडकी मुलांच्या पाठीशी असावी, आपण सतरंजीवर किंवा बुटक्या पाटावर बसावे, आणि पुस्तक आपल्या छातीसमोर न धरता खांद्याच्या बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर उघडे धरावे. पान खालच्या कोपऱ्यातून उलटल्यास हाताखाली चित्र झाकले जात नाही. छताचा पंखा एकवर ठेवावा, नाहीतर तो आपल्या आधी पाने उलटतो.

आता मुख्य तयारी. पुस्तक आधी एकदा, एकट्याने, पण मोठ्याने वाचून पाहावे. मनात वाचताना सुरळीत वाटलेले वाक्य तोंडाने वाचताना अडखळते, कारण मराठीत लिहिण्याची भाषा आणि बोलण्याची भाषा यांत बरेच अंतर आहे. “तो घरी गेला व त्याने दरवाजा उघडून आत प्रवेश केला” असे छापलेले असेल, तर वाचताना “तो घरी गेला. दार उघडलं. आणि आत शिरला” असे म्हणायला काहीही हरकत नाही. घरात मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलली जात असेल, तर पहिल्यांदा गोष्ट त्याच बोलीत सांगावी आणि दुसऱ्या वेळी छापील मजकूर वाचावा. गोष्ट ओळखीची झाली की अनोळखी शब्द आपसूक जागेवर बसतात. मात्र कठीण दिसणारा प्रत्येक शब्द सोपा करत सुटू नये. रांजण, कोनाडा, उंबरठा हे शब्द मुलांना आवडतात, आणि ते त्यांच्या कानावर पडण्याच्या जागा आता कमी होत चालल्या आहेत. अर्थ सांगण्यासाठी गोष्ट थांबवण्याऐवजी “रांजणात, त्या पाण्याच्या मोठ्या मडक्यात” असे वाक्यातच जोडून पुढे जावे.

आवाजाविषयी लोकांचा मोठा गैरसमज असतो. मुले चुळबूळ करू लागली की वाचणारा आवाज चढवतो, हातवारे वाढवतो, वाघ आणखी मोठ्याने डरकाळतो, आणि मुले आणखी उधळतात. याच्या उलट करून पाहावे. आवाज खाली आणावा, वेग कमी करावा आणि पान उलटण्यापूर्वी क्षणभर गप्प राहावे. पुढे काय, या उत्सुकतेने मूल मान वळवते. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज देण्याचीही गरज नाही. तो तिसऱ्या पानापर्यंत आपल्यालाच आठवत नाही, मुलांना मात्र आठवतो आणि ती चूक काढतात. धप्पकन, टुणकन, सळसळ, गुडुप अशा नादाच्या शब्दांचा तेवढा पुरेपूर उपयोग करावा. मराठीत असे शब्द भरपूर आहेत आणि ते नीट उच्चारले की वेगळा अभिनय लागत नाही.

ज्यांना हलल्याशिवाय राहवतच नाही, त्यांच्या हालचालीला गोष्टीतच काम द्यावे. आपल्या जुन्या लोककथा या बाबतीत फार सोयीच्या आहेत. कावळा “चिऊताई, चिऊताई, दार उघड” म्हणतो तेव्हा सगळ्यांनी जमिनीवर टकटक करावी, आणि “थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते” हे उत्तर एकट्या-दुकट्याने द्यावे. म्हातारी भोपळ्यात बसली की दोन उड्या मारून परत जागेवर यावे. छापील पुस्तकातही एखादे पुन्हा पुन्हा येणारे वाक्य हेरून ठेवावे आणि तिसऱ्या वेळेपासून ते अर्धवट म्हणून थांबावे. उरलेले मुले पूर्ण करतात. ज्या मुलाला गलका सहन होत नाही, त्याच्या हातात कणकेचा लहानसा गोळा द्यावा. त्याचे हात गुंतलेले असतात आणि कान मोकळे राहतात.

प्रश्न विचारताना परीक्षा घेण्याचा मोह आवरावा. “हा रंग कोणता? हे किती ससे?” अशी सरबत्ती सुरू झाली की गोष्टीची शाळा होते. “आता हा कुठे लपला असेल?” असा एखादाच प्रश्न विचारावा आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत वाट पाहावी. हे थांबणे अवघड जाते, कारण शांतता पसरली की उत्तर आपणच देऊन टाकतो. मुलाने “भू-भू पळाला” म्हटले तर “हो, भू-भू घाबरून झाडामागे पळाला” असे त्याचेच वाक्य थोडे वाढवून परत द्यावे. ‘संवादी वाचन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, अमेरिकेत १९८० च्या दशकात ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासलेल्या पद्धतीत याच गोष्टीवर भर आहे. आपल्याकडच्या आज्या ती नाव न घेता करत आल्या आहेत. मध्येच कोणी “आमच्या मावशीकडे पण मांजर आहे” असे सांगू लागले तर गप्प बसवू नये. “तिच्या मांजरीला दूध आवडतं का? या मांजरीला बघ काय हवंय” असे म्हणून त्याला पुस्तकात परत आणावे.

दोन-अडीच वर्षांचे मूल पुस्तक ओढते आणि चार पाने एकदम उलटते. अशा वेळी पान उलटण्याचे काम त्याच्याकडेच द्यावे, जाड पुठ्ठ्याची पुस्तके वापरावीत, आणि उघडेल त्या पानावर काय दिसते एवढेच बोलावे. क्रमाने गोष्ट ऐकण्याची घाई नाही. तेच पुस्तक अकराव्यांदा आणले तरी तेच वाचावे, आणि मजकूर गाळून वेळ वाचवण्याचा प्रयत्न करू नये. बकरीची हकीकत वर आलीच आहे.

फोनवरून वाचायचे असेल तर हलणारी चित्रे आणि आपोआप वाचणारा आवाज बंद ठेवावा. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी विनामूल्य मिळतात आणि त्या वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या असतात. परदेशात राहणाऱ्या, जवळ मराठी पुस्तके नसणाऱ्या कुटुंबांना त्यांचा विशेष उपयोग होतो.

चुळबूळ आणि न ऐकू येणे यांतला फरक तेवढा लक्षात ठेवावा. पाठीमागून हाक मारली तरी मूल वळत नसेल, किंवा दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर त्याला ‘खोडकर’ ठरवण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि श्रवणचाचणी करून घ्यावी.

गोष्ट रंगत नाही असे दिसले तर “उरलेली नंतर” म्हणून पुस्तक मिटावे. रागावून मिटू नये, आणि पूर्ण झाल्यावर “यातून आपण काय शिकलो?” असेही विचारू नये. मिटलेले पुस्तक कपाटावर उंच ठेवण्याऐवजी मुलाच्या हाताला लागेल अशा फळीवर, मुखपृष्ठ समोर येईल असे उभे करावे, आणि फाटलेल्या पानांसाठी चिकटपट्टी जवळच असू द्यावी.