एका रुग्णाला चार आजार: नर्सने सुरुवात कुठून करावी

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयाची कमजोरी आणि मूत्रपिंडाचा जुना विकार एकाच माणसाला असले, की डॉक्टर वेगवेगळे आणि चिठ्ठ्याही वेगवेगळ्या. त्या सगळ्या एकत्र मांडून बघायची संधी बहुतेक वेळा नर्सलाच मिळते. म्हणून आजारांची यादी बाजूला ठेवा, आधी औषधं बघा.

घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगा: गोळ्या, इन्सुलिन, इनहेलर, डोळ्यांचे थेंब, चूर्णं, चिठ्ठीशिवाय घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्यासुद्धा. "औषधं नियमित घेता ना?" असं विचारलं की जवळजवळ सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी एकेक पाकीट हातात घेऊन "ही कशासाठी? कधी घेता? आठवड्यात किती वेळा राहून जाते?" असं विचारा. पाकिटावरचं मूळ घटकाचं नावही वाचा. एकच औषध दोन ब्रँडनावांनी चालू असल्याचं अनेकदा इथेच लक्षात येतं.

आता धोक्याच्या जोड्या शोधा. रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखं रक्तदाबाचं औषध, लघवीची गोळी (लघवी वाढवून अंगातलं जास्तीचं पाणी काढणारी) आणि वर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी असं त्रिकूट मूत्रपिंडाला अचानक इजा करू शकतं. गुडघेदुखीची गोळी रुग्ण 'औषध' म्हणून मोजत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल वेगळं विचाराच. रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन (शरीरात पोटॅशियम राखणारी लघवीची गोळी) चालू असताना 'कमी सोडियमचं मीठ' वापरलं तर त्यातल्या पोटॅशियममुळे रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. अॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने पाय सुजू शकतात आणि त्या सुजेसाठी लघवीची गोळी सुरू होते. नवी तक्रार आली की ती आधीच्या औषधाची देणगी तर नाही ना, हे डॉक्टरांना विचारा.

रक्तदाब फक्त बसवून मोजू नका. ५ मिनिटं झोपवून मोजा, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर पडण्याचा धोका आहे. ही नोंद डॉक्टरांपर्यंत पोहोचवा. उभं करताना जवळच थांबा.

साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारं औषध) चालू असेल तर साखर उतरल्यावरची छातीची धडधड आणि थरथर जाणवेलच असं नाही, घाम मात्र येतो. हे घरच्यांनाही सांगा. मूत्रपिंडाचं काम मंदावलं की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं. वर्षानुवर्षं चाललेल्या त्याच डोसने अचानक साखर उतरू लागली तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघायला सुचवा.

हृदयाच्या कमजोरीत रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर आणि खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करायला शिकवा. ३ दिवसांत २ किलोहून जास्त वाढलं तर त्याच दिवशी कळवायचं, दम लागेपर्यंत वाट बघायची नाही.

उलट्या-जुलाबांच्या दिवशी काय करायचं ते आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधं, रामिप्रिल आणि लघवीची गोळी अशा वेळी सहसा तात्पुरती थांबवतात. इन्सुलिन मात्र रुग्णाने स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करू नये. पुन्हा सुरू कधी करायचं तेही त्याच कागदावर हवं, नाहीतर थांबवलेली गोळी महिनोन्‌महिने बंदच राहते.

निघताना "समजलं का?" विचारू नका, "घरी गेल्यावर काय करणार ते मला सांगा" म्हणा. एका भेटीत दोनच बदल शिकवा, त्यातला एक रुग्णाने निवडलेला असू द्या. रामिप्रिल किंवा लघवीच्या गोळीचा डोस बदलला असेल तर १ ते २ आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायची तारीख लिहूनच त्यांना घरी सोडा.