सरकारी टेंडर भरायचंय? मग आधी गिऱ्हाईक ठरवा

आपल्याकडे लोक आधी पोर्टलवर रजिस्ट्रेशन करतात, मग पासवर्ड विसरतात आणि शेवटी म्हणतात वशिल्याशिवाय काही मिळत नाही. वशिला कुठेच चालत नाही असं मी म्हणणार नाही, पण बरीच टेंडरं तर कागदपत्रांतल्या चुकांनीच बाद होतात भाऊ.

तर आधी बघा, तुमचा माल घेणारं सरकारी खातं जवळ कोणतंय. आपल्या जळगाव भागाचंच घ्या, भुसावळला रेल्वेचं डिव्हिजन आहे, त्यांची टेंडरं आयआरईपीएस या रेल्वेच्या वेगळ्याच पोर्टलवर येतात. भुसावळ आणि वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या केंद्राच्या, म्हणजे जेम (GeM, केंद्र सरकारचं ऑनलाईन खरेदीचं पोर्टल) बघायचं. जिल्हा परिषद, महापालिका, पीडब्ल्यूडी यांच्या मोठ्या कामांसाठी महाटेंडर, म्हणजे राज्य सरकारचं टेंडर पोर्टल. नंदुरबार, धुळ्याकडे आश्रमशाळांना बेंच, कपाटं, गाद्या लागतातच, फॅब्रिकेशनवाल्यांनी तिकडे लक्ष ठेवावं.

कागदपत्रं फार नाहीत. पॅन, जीएसटी, बँक खातं, मागच्या वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न, क्लास थ्री डिजिटल सिग्नेचर (महाटेंडर आणि रेल्वेला लागतेच) आणि उद्यम सर्टिफिकेट (लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी). उद्यम फुकट निघतं, सरकारी साईटवर आधार टाकून, त्याचे हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटला लांबूनच रामराम करा.

उद्यमचा खरा फायदा कुठेय ते नीट समजून घ्या. केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणाप्रमाणे केंद्रीय खाती आणि कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान 25 टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो, त्या 25 मधले 4 टक्के एससी-एसटी आणि 3 टक्के महिला उद्योजकांकडून. टेंडर फी नाही, ईएमडी (टेंडर भरताना ठेवायची अनामत रक्कम) माफ. आणि एक मस्त गोष्ट, समजा सगळ्यात कमी रेट मोठ्या कंपनीचा 100 रुपये आला आणि तुमचा 113, तर तुम्ही 15 टक्क्यांच्या आत आहात, मग 100 ला द्यायची तयारी असेल तर ऑर्डरचा 25 टक्के भाग तुम्हाला मागता येतो (ऑर्डर वाटून देता येण्यासारखी असेल तर). पण नुसता ट्रेडिंगचा धंदा असेल तर यातलं काही मिळत नाही, माल स्वतः बनवणारे किंवा सर्व्हिस देणारेच धरतात. बांधकामाच्या टेंडरलाही ही सूट साधारण लागू होत नाही.

जेमवर बिडचा (म्हणजे टेंडरचा) पीडीएफ उघडला की रेटकडे धावू नका. पहिल्याच पानावर एमएसईला (सूक्ष्म-लघु उद्योगाला) अनुभव आणि टर्नओव्हरची सूट आहे का, तिथे येस लिहिलंय की नो ते बघा. नो असेल आणि तुमच्याकडे नसलेला तीन वर्षांचा अनुभव मागितला असेल तर पुढचं वाचूच नका, वेळ वाचेल. मग माल कुठे पोचवायचाय ते बघा, कारण जेमवरच्या रेटमध्ये जीएसटी, भाडं सगळं आलं, जळगावहून नागपूरला टेम्पो धाडायचा खर्च तुमच्याच खिशातून जातो.

महाटेंडरला दोन पाकिटं असतात, टेक्निकल आणि फायनान्शियल. रेट भरायची बीओक्यूची (वस्तू-कामांच्या यादीची) एक्सेल फाईल डाऊनलोड केली की तिचं नाव बदलायचं नाही, फक्त आपलं नाव आणि रेट टाकायचे, सेव्ह करायची आणि तीच चढवायची. नाव बदललं की पोर्टल घेत नाही आणि हे कळतं शेवटच्या दिवशी, बरोबर लाईट गेलेली असताना. शुद्धिपत्रक निघालंय का तेही रोज बघत जा, तारीख आणि अटी मधेच बदलतात.

पहिलं टेंडर लहानच घ्या. परफॉर्मन्स गॅरंटीचे (काम नीट पुरं करण्याच्या हमीपोटी ठेवलेले) पैसे अडकतात, बिल उशिरा निघतं, आणि अडीच लाखांच्या वरच्या कॉन्ट्रॅक्टवर जीएसटीचा 2 टक्के टीडीएस कापला जातो (तो पोर्टलवर क्रेडिट मिळतो, सीएला सांगून ठेवा). बिल अडकलं तर कायद्यानं सूक्ष्म-लघु उद्योगाला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला पाहिजेत, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज, आणि तक्रार सरकारच्या एमएसएमई खात्याकडे ऑनलाईन करता येते. त्यासाठी उद्यम ऑर्डर यायच्या आधीच काढून ठेवा, आणि माल उतरवून घेतल्याची सही-शिक्क्याची चलन कॉपी जपून ठेवा, माल पोचल्याचा पुरावा तोच.