नोकरी बदलताना पीएफ काढू नका

नवी मुंबईतल्या ऐरोली-महाप्यात नोकऱ्या भराभर बदलतात. प्रत्येक वेळी पीएफ काढून घेतला, तर निवृत्तीसाठी हाताशी काही उरत नाही. ईपीएसचे, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचे, पेन्शन मिळायला किमान १० वर्षांची सेवा लागते. मधेच ईपीएसचे पैसे काढले की ती मोजणी पुन्हा शून्यापासून.

१. नव्या कंपनीत जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) द्या.
२. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल, तर जुना पीएफ नव्या खात्यात नेण्याचा ट्रान्सफर अडकतो. खूप जण इथेच कंटाळून सोडून देतात. पीएफच्या शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पोर्टलवर ‘मॅनेज’मधल्या ‘मार्क एक्झिट’मध्ये ती स्वतः भरता येते.
३. मग ट्रान्सफरचा अर्ज करा.

तारीख रिलीव्हिंग लेटर समोर ठेवूनच भरा. चुकली तर दुरुस्तीला फार ताप होतो.