सोलेनॉइड व्हॉल्व्हची कॉइल सारखी जळते?
नवी कॉइल लावण्याआधी जुनीवरचं रेटिंग वाचा. 24 व्होल्ट डीसी, 4.8 वॅटची कॉइल 0.2 अँपिअर घेते. थंड असताना मल्टिमीटरवर सुमारे 120 ओहम यायला हवेत. सर्किट ओपन दाखवलं तर वाइंडिंग तुटलंय.

एसी कॉइलचं वेगळं असतं. कचरा किंवा चिकट तेलामुळे प्लंजर (कॉइलच्या आत सरकणारा लोखंडी दांडा) अर्ध्यावर अडकला, की सुरुवातीचा मोठा करंट उतरतच नाही आणि कॉइल जळते. म्हणून आधी प्लंजर साफ करा. व्हॉल्व्हवरून काढलेल्या एसी कॉइलला सप्लाय कधीच देऊ नका, कारण तेच: आत प्लंजर नसल्याने करंट मोठाच राहतो.

डीसी कॉइलला समांतर, उलटा जोडलेला डायोड हवाच, नाहीतर कॉइल बंद होताना येणाऱ्या व्होल्टेजच्या झटक्याने पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) ट्रान्झिस्टर आउटपुट उडू शकतं.

कॉइल टक् वाजते, पण सिलिंडर हलत नाही? व्हॉल्व्ह पायलटवर चालणारा (म्हणजे हवेच्याच दाबाने आतला मुख्य भाग सरकवणारा) असेल तर हवेचा दाब बघा. अशा बहुतेक व्हॉल्व्हना किमान 1.5 ते 2 बार लागतो.